चला, कारेगावचं कुलकर्ण सांभाळू

तुमचं खरं आडनाव काहीही असो, शिंदे, शेख, डिसूझा किंवा वानखेडे, ते थोडा वेळ बाजूला ठेवा. आजच्यापुरते तुम्ही कुलकर्णी. घड्याळ काढा, मोबाइल बंद करा, चष्माही इथेच ठेवा. चष्म्याचं थोडं वाईट वाटतंय, कारण तुमचं पुढचं सगळं काम डोळ्यांचंच आहे. पण जिथे जायचंय तिथे गावात एकाच्याही नाकावर चष्मा नाही, आणि सगळ्यांनी तुमच्याकडे बघत बसावं हे काही बरं नाही.

पुण्याहून नगर रस्त्याने निघालो की रांजणगावचा महागणपती लागतो, मग एमआयडीसीची मोठमोठी फाटकं, आणि शिरूर यायच्या आत कारेगाव. शिफ्ट सुटायची वेळ आहे. बसची रांग, वडापाव तळल्याचा वास, भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या, ट्रकचे कर्कश हॉर्न. आता डोळे मिटा. हॉर्न हळूहळू विरतोय. त्याच्या जागी घुंगरं वाजतायत, लमाणांच्या बैलांची. पाठीवर मिठाच्या गोण्या घेतलेला तांडा घोडनदीकडे चाललाय. डांबर गेलं, पायाखाली फुफाटा आला.

साल कोणतं म्हणता? शनिवारवाड्यात पेशवे नांदतायत, एवढं पुरे. होळी होऊन गेली आहे आणि ऊन तापायला लागलंय, हे तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचं.

डोळे उघडा. तुम्ही घोंगडीवर आडवे आहात. वर धाब्याचं छत, मातीचं. एक ढेकूळ सुटून नुकतंच तुमच्या कपाळावर पडलं, म्हणून तर जाग आली. शेणाने सारवलेल्या जमिनीचा गार वास, चुलीत पेटत नसलेल्या ओल्या शेणकुटांचा धूर, आणि पलीकडच्या सोप्यात जात्याची घरघर. डोक्याला हात लावा. दचकू नका, पुढचे केस गेलेत आणि मागे शेंडी आहे. परवाच न्हाव्याने डोई केली. त्याने पैसे मागितले नाहीत, तुम्ही दिलेही नाहीत. त्याचा हिशेब खळ्यावर होईल.

आंघोळ विहिरीवर. पाणी गार आहे, तक्रार करू नका, अजून महिनाभराने हेही मिळायचं नाही. पाऊस सह्याद्रीच्या डोंगरांवर सांडून रिकामा होऊन इकडे येतो, त्यामुळे इथली विहीर नेहमी खोल आणि मोट ओढणारे बैल नेहमी दमलेले. धोतर, बाराबंदी, डोक्याला पागोटं. कानावर बोरू खोचा. हा बोरू म्हणजे तुमचा हुद्दा. पाटलाकडे माणसं असतात, घोडं असतं, आवाज असतो. तुमच्याकडे हा.

आता दप्तर काढा. फडताळात लाल कापडात बांधलेली गाठोडी आहेत, त्यांना रुमाल म्हणायचं. गाठ सोडली की आधी धूळ उडते, मग वाळलेल्या कडुनिंबाच्या पाल्याचा कडू वास येतो. वाळवीला तो आवडत नाही, तुम्हालाही आवडणार नाही. आत तुमच्या आज्याने, पणज्याने लिहिलेले कागद आहेत. कागद जुन्नरचा, हाताने केलेला, घोटून गुळगुळीत. त्यावर बोट फिरवा. महाग आहे, म्हणून पाठपोट लिहायचं आणि कडेला जागा उरली तर तिथेही लिहायचं.

शाई दिव्याच्या काजळीची, डिंक घालून खललेली. बोटं काळी होणारच. बोरूचं टोक चाकूने तिरकं छाटा, उजवा गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवा, आणि लिहिण्याआधी एक आडवी रेघ ओढा, कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोडीत आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं टांगायची. हात उचलायचा नाही. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ओळखायचं. लिहून झालं की वर बारीक वाळू भुरभुरवायची आणि कागद तिरका करून ती परत डबीत ओतायची. दुपारपर्यंत वाळू तुमच्या दातांत असेल.

चावडीवर पाटील येऊन बसलेत. चौगुला खांबाला टेकलाय. पायरीखाली, उन्हात, महार उभा आहे. त्याने पहाटेच परगण्याच्या कचेरीतून निरोप आणलाय, चालत. वसुलाची बाकी का आली नाही, असं कमाविसदार विचारतोय. पाटील तुमच्याकडे बघतात.

"पंत, लिहा काहीतरी."

"काहीतरी म्हणजे काय लिहू?"

"ते तुम्हाला कळतं. म्हणून तर तुम्ही."

तुम्ही लिहिता. यंदा बाजरीला पाऊस कमी पडला, ज्वारी खळ्यावर आहे, रास झाली की रयत पैसे भरेल, सरकारने कृपाळू होऊन मुदत द्यावी. सगळ्या कागदांवर दरवर्षी थोड्याफार फरकाने हेच असतं. कचेरीत बसलेलाही तुमच्यासारखाच एक बोरूवाला आहे, त्यालाही हे पाठ आहे. मग पाटील कागदाखाली आपली खूण करतात, नांगर. सही येत नाही म्हणून नव्हे. नांगर हीच त्यांची सही, आणि तिला तुमच्या अक्षरांपेक्षा जास्त वजन आहे. महजर असता, म्हणजे गावसभेचा निवाडा, तर खाली सुताराचं किंकरं आणि न्हाव्याचा आरसाही काढला असता. अख्खं गाव एका कागदावर चित्रांनी बसतं.

आता जरा थांबा आणि वहीत नावं कशी लिहिलीत ते बघा. अमका बिन तमका. त्याच्या खाली फलाणा बिन बिस्ताणा. बिन म्हणजे मुलगा, संपलं. आडनावाचा रकाना नाही. गरजच काय? शे-दीडशे उंबऱ्यांचं गाव, कोण कुणाचा ते शेंबड्या पोरालाही माहीत. घराण्यांना आडनावं आहेत, लग्न जमवताना निघतात, भांडताना तर हमखास निघतात. पण कागदाला ती लागत नाहीत. कागदाला लागतं ते एवढंच: जमीन कुणाच्या नावाने आहे आणि बाकी किती.

आणि तुम्ही स्वतः? कागदाच्या शेवटी तुम्ही तुमचं नाव लिहिलंत, बापाचं लिहिलंत, आणि पुढे सवयीने जोडलंत: कुळकर्णी, मौजे मजकूर. कुळ म्हणजे जमीन कसणारं खातं, करण म्हणजे लिहिणारा. तुम्ही हुद्दा लिहिलात, कोतवालाने कोतवाल लिहावं तसा. हे शेपूट पुढे कधीतरी तुमच्या पणतवंडाच्या आधार कार्डावर जाऊन बसणार आहे, याची तुम्हाला कल्पनाही नाही. तुमच्या घराण्याचं मूळचं उपनाम वेगळंच असू शकतं. समर्थ रामदासांचं घराणं ठोसरांचं, आणि जांब गावचं कुलकर्ण त्यांच्याकडे. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांकडे पैठणजवळच्या आपेगावचं कुलकर्ण होतं, म्हणजे माउलींनी संसारी राहून वतन सांभाळलं असतं तर आज त्यांच्याही पुढे हेच शेपूट लागलं असतं. विचार करवत नाही.

उठा, ऊन चढायच्या आत खळ्यावर जायचंय.

गाव ओलांडा. घरं आहेत ती पांढरी, शेतं आहेत ती काळी, सगळा मुलूख या दोन रंगांत वाटलाय आणि तुमच्या वहीत दोन्ही आहेत. वेशीबाहेर पडताच कानावर येतो तो हाकारा. खळ्याच्या मधोमध रोवलेल्या तिवड्याभोवती बैल गोल गोल फिरतायत, तोंडाला मुसक्या, खुरांखाली कणसं. पोरगा मागे चाबूक घेऊन पेंगत चालतोय. पलीकडे वावडीवर उभा राहून एक गडी वाऱ्याची वाट बघतोय. वारा आला की सूप उंच धरतो, दाणे सरळ खाली, भुसा तिरका उडत जातो, आणि कुठे जातो? तुमच्या मानेत. बाराबंदीच्या आत. शिंक येते, डोळे चुरचुरतात, काखेत खाज सुटते. खाजवू नका. तुम्ही कुलकर्णी आहात, लोक बघतायत.

रास तयार झाली. तिच्याभोवती राखेची रेघ, वर शेणाचा गोळा आणि तुरा. शेतकऱ्याने हात जोडले. आता मापारी पायली घेऊन बसतो आणि सगळे गप्प होतात. पहिली पायली उचलताना तो एक म्हणत नाही. म्हणतो, "लाभ!" मग दोन, तीन, चार. बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. तुम्ही मांडी घालून खुणा करताय. घामाचा थेंब कागदावर पडला आणि चौथी खूण फुगली. ती आता चार आहे की पाच? शेतकरी तुमच्या हाताकडे टक लावून बघतोय. त्याला अक्षर येत नाही, पण हात कधी दचकला ते कळतं.

मापाला सुरुवात झाली आणि कुठून कुठून माणसं निघाली बघा. सुतार चादर घेऊन आलाय. लोहार, चांभार, कुंभार, परीट, न्हावी, गुरव, जोशी, मुलाणी, कोळी, मांग. वर्षभर प्रत्येकाने काम केलं आणि कुणी दाम मागितला नाही. आज सगळ्यांचा मिळून हिशेब. आणि हिशेब म्हणजे गलका.

"सुताराला कसली पायली? पेरणीच्या टायमाला रुमणं मोडलं, चार रोज हेलपाटे घातले!"

"आन लाकूड कुठनं आणायचं? तुमच्या बांधावरची बाभळ तोडू दिली का तुम्ही?"

कुंभारीण मध्येच, "दोन रांजण दिले न्हवं का? एक फुटला तो काय माझ्या हातानं फुटला?"

सगळे तुमच्याकडे वळतात. तुम्ही वही उघडता, भुवया आवळून बघता. गेल्या साली सुताराला काय दिलं होतं ते लिहिलेलं आहे. थोरली ओळ, मधली, धाकटी, कुणाचा वाटा किती हे ठरलेलं आहे. तुम्ही वाचता, आवाज थांबतो. खरं सांगा, मजा वाटली की नाही?

मजा पुरती चाखू नका. महार सगळ्यांत मागे, खळ्याच्या कडेला उभा आहे. पहाटे तोच परगण्याला जाऊन आला, गावाच्या शिवेचा दगड कुठे ते त्यालाच माहीत, उद्या शिवेचा तंटा निघाला तर त्याचा शब्द शेवटचा. त्याच्या पदरात धान्य वरून सोडतात, हात लागू नये म्हणून. आज ते तुम्हीही तसंच होऊ देता. कुणी तुम्हाला जबरदस्ती केलेली नाही. इथे राहायचं तर हेच चालतं, हे तुम्हाला सकाळीच कळून चुकलंय, आणि इतक्या लवकर कसं कळलं याचं नंतर घरी गेल्यावर नवल वाटेल.

गलका ओसरला की एक म्हातारा जवळ सरकतो. उकिडवा बसतो. हळूच विचारतो, "काका, माझ्या नावावर बाकी किती निघतीया?"

तुमच्या मांडीवर वही आहे. तुम्ही काहीही सांगू शकता. बारा रुपये असले तर चौदा. तो मान हलवेल, उठेल, बैल विकेल. पडताळून कुणाकडून घेणार? वाचणारे गावात तुम्ही, तुमचा भाऊ आणि जोशी. त्यातला जोशी तुमचा मेहुणा. तुम्ही खरा आकडा सांगितलात म्हणून स्वतःची पाठ थोपटू नका. सांगणारा चांगला निघाला यावर म्हाताऱ्याचा बैल टिकला, ही काही व्यवस्था नव्हे. जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला त्यात हा बोरू पुरता सोलून काढलाय, आणि नेवाशाकडच्या तरवडी गावात बसून दीनमित्र चालवणाऱ्या मुकुंदराव पाटलांनी 1913 साली कुलकर्णी लीलामृत नावाचं काव्यच रचलं, पोथीच्या थाटात, कुलकर्ण्याच्या लीला वर्णन करणारं. नाव वाचूनच गावोगाव हसू पिकलं असेल. कुलकर्णी सोडून.

संध्याकाळ. ज्वारीची भाकरी, आंबट आमटी, वर तेलाची धार. हात धुऊन ओसरीवर येता तर चुलतभाऊ बसलेला. मुद्रा गंभीर. त्याला तक्षीम हवी, म्हणजे वतनातला आपला हिस्सा. कुलकर्ण ही नोकरी असली तरी ती शेतासारखी वाटता येते, गहाण टाकता येते, विकताही येते. आठ आणे तुमचे, चार आणे त्याचे, चार आणे त्या पलीकडच्या भावाचे, जो कधी चावडीवर फिरकतही नाही. काम करणार एक, मान आणि खळ्यावरचा हक्क खाणार तिघं. आणि गंमत पुढे आहे: चावडीवर न फिरकणाराही स्वतःला कुलकर्णीच म्हणवणार. गावच्या एका हुद्द्यातून तीन घरं त्याच नावाची निघाली. हुद्दा तेवढाच राहिला, नाव वाढत गेलं.

समजा, चुलतभाऊ रुसला. बायकोपोरं बैलगाडीत घातली आणि साताऱ्याला गेला. तिथे आधीच गावोगावचे कुलकर्णी जमलेले, नुसतं कुलकर्णी म्हणून काय उपयोग? विचारलं, कुठले? कारेगावचे. झाला कारेगावकर. त्याचा धाकटा भाऊ बडोद्याला गेला, तिथे कुलकर्णी कुणी नव्हतं, तो कुलकर्णीच राहिला. एका आजोबांची नातवंडं, दोन आडनावं. उलट कारेगावचा कुलकर्णी आणि धारवाडचा कुलकर्णी यांचा सात पिढ्यांत संबंध नाही, आणि आडनाव एक. म्हणून सांगतो, कुलकर्णी भेटला की लगेच नातं काढायला बसू नका. देशावर जितकी गावं तितकी कुलकर्णं, आणि प्रत्येकाची गंगोत्री वेगळी.

चला, उठा, पुढे जायचंय. पाय मोकळे करा, मांडी घालून बधिर झाले असतील.

आता तुम्ही एका शाळेत आहात. शाईच्या दौती, ओल्या पाटीवरच्या थुंकीचा वास, मास्तरांची टोपी आणि छडी. इंग्रजी अंमल आलाय. समोर एक छापील रजिस्टर आहे आणि त्यात रकाने आहेत. मुलाचं नाव, बापाचं नाव, आडनाव. मास्तर बोरू नाही, टाक बुडवतात. "आडनाव?" पोरगं गोंधळतं. घरी काय म्हणतात? "कुलकर्णी." टाक करकरला आणि झालं. बिन गेला. ज्या पोराने आयुष्यात वसुलाचा कागद बघितला नाही, जो पुढे रेल्वेत तिकिटं फाडणार आहे, त्याच्या कपाळी हुद्दा चिकटला. पाटलाच्या पोराचंही तेच झालं, चौगुल्याच्याही. या छापील रकान्याने महाराष्ट्रात जेवढी आडनावं पक्की केली, तेवढी कुठल्या राजाने केली नसतील.

इकडे नाव पक्कं होत होतं तेव्हाच काम निसटत होतं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 साली कुलकर्णी वतन काढून घेतलं आणि पगारी तलाठी नेमले. वारसा नाही, खळ्यावरचा हक्क नाही, महिन्याला पगार. तिथल्या कुलकर्णी मंडळींनी केवढा आकांत केला म्हणता! बाकी मुलखात हे रखडत चाललं, आणि मग मुंबई राज्याने 1950 साली परगणे व कुलकर्णी वतनं रद्द करण्याचा कायदाच केला. पाटलांची पाळी नंतर आली, 1962 च्या कायद्याने. कुलकर्णी मात्र 1950 पासूनच पूर्णपणे बिनकामाचा शब्द झाला होता. कामाला लागले ते तलाठी, आणि आता त्यांनाही ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. या नावाचं आडनाव होणं जरा कठीण दिसतं.

गाडीत बसा. दक्षिणेकडे जायचंय, खिडकीजवळची जागा पकडा. पुणे, सातारा, मिरज, आणि बेळगावच्या पुढे डब्यात कानडी सुरू झाली तरी दारांवरच्या पाट्या बदलत नाहीत. धारवाड, हुबळी, विजयपूर, कलबुर्गी, तिकडे बिदर, सगळीकडे कुलकर्णी. घरात कानडी, देवघरात संस्कृत, हिशेब एकेकाळी मोडीत. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरी येऊन मराठीतल्या सर्वांत काळोख्या कथा लिहीत. त्यांना मराठी म्हणायचं की कानडी मुलखातले म्हणायचं यावर भांडण होऊ शकतं, आडनावावर होत नाही. शिग्गावात जन्मलेल्या सुधा कुलकर्णी 1974 च्या सुमारास टेल्कोची जाहिरात बघून चिडल्या. जाहिरातीत लिहिलं होतं, स्त्रियांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड धाडलं आणि नोकरी मिळवली. आज लोक त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतात. त्यांचे भाऊ श्रीनिवास, जन्म कुरुंदवाडचा, बालपण हुबळीचं. 1982 मध्ये अमेरिकेत शिकत असताना सोबत्यांबरोबर त्यांनी एक तारा शोधला, जो सेकंदाला सुमारे 642 वेळा स्वतःभोवती फिरतो. 2024 चा शॉ पुरस्कार त्यांना मिळाला. एका सेकंदात 642 मोजणं, तेही चूक न करता! खळ्यावरच्या मापाऱ्याने तोंडात बोट घातलं असतं.

आता परत देशावर येऊन पश्चिमेला घाट उतरा. दमट वारा, नारळ, माशांचा वास, आणि कुलकर्णी एकदम विरळ. कोकणात गावाचा वसूल खोताकडे, म्हणून तिथे खोत. गोव्याकडे लिहिणारे शेणवी, आणि गावाच्या वरच्या नाडाचा हिशेब ठेवणारा तो नाडकर्णी. नागपूरकडे हाच माणूस पटवारी, आजही तिथले लोक तलाठ्याला पटवारीच म्हणतात. म्हैसूरकडे शानभोग. आंध्रात करणम. सगळीकडे तोच बोरू, तीच मांडी, तीच काळी बोटं. नाव मात्र सरहद्दीसरहद्दीवर बदललं. त्यामुळे कुलकर्णी आडनावाचा नकाशा काढलात तर तो एका वंशाचा निघत नाही. कुठल्या मुलखात या कामाला काय म्हणत, त्याचा नकाशा निघतो. बहुतेक कुलकर्णी देशस्थ ब्राह्मण हे खरं, पण जिथे वतन दुसऱ्याकडे होतं तिथे कायस्थ प्रभूही कुलकर्णी झाले. खुर्चीवर जो बसला त्याचं ते नाव.

असं फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. आयर्लंडात ओ क्लेरी नावाचं घराणं आहे. क्लेरी म्हणजे कारकून, शिकलेला लेखक. दहाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे आडनाव तिथे नोंदलेलं सापडतं, जगातल्या सर्वांत जुन्या आडनावांपैकी एक म्हणून ते मिरवतात. पण त्यातल्या ओ चा अर्थ नातू, वंशज. म्हणजे एक विशिष्ट क्लेरी होऊन गेला आणि हे त्याचे नातू. आपल्या कुलकर्ण्यात नातू नाही, आजोबा नाही. आहे फक्त काम. त्यामुळे आयरिश माणूस आडनाव धरून मूळपुरुष गाठायला निघतो, आणि आपण तसेच निघालो तर चावडीवर पोचतो.

परत कारेगावात या. शिफ्ट सुटली. फाटकातून माणसं ओघाने बाहेर पडतायत, गळ्यात ओळखपत्रं. वाचत चला: राठोड, साहू, महतो, वानखेडे, यादव, गायकवाड. बीडहून आलेला, पाटण्याहून आलेला, ओडिशाहून आलेला. प्रत्येकाच्या गळ्यातल्या त्या शेवटच्या शब्दात कुठलं तरी गाव, कुठलं तरी काम, कुठला तरी जुना मान किंवा जुना अपमान अडकलाय. कुणाला तो मिरवायचा असतो, कुणाला टाकून द्यायचा असतो, आणि टाकायचा असेल तर टाकावा, कुणी अडवू नये. सोनाली कुलकर्णी नावाच्या दोन अभिनेत्री एकाच सिनेसृष्टीत सुखाने नांदतात, कुणालाही त्या बहिणी वाटत नाहीत. आडनावाबद्दल एवढा शहाणपणा एरवीही दाखवता येईल.

जाता जाता एक काम सांगतो. तुमचं आडनाव कुलकर्णी असो, पाटील असो, की चौगुले, देशपांडे, महाजन, शेटे, घरी माळ्यावर किंवा एखाद्या म्हाताऱ्या काकूच्या ट्रंकेत मोडीचे कागद असण्याची शक्यता आहे. रद्दीवाल्याला देऊ नका. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरून कुजतात. स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळा. मोडी वाचणारी माणसं अजून आहेत, राज्याचं पुराभिलेख खातं मोडीचे वर्गही घेतं, आणि पुण्यातल्या पेशवे दप्तरात त्याच अक्षरातले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. कागद वाचून घ्या. त्यात तुमच्या पूर्वजाची शौर्यगाथा बहुधा निघणार नाही. निघेल ती सुताराच्या ज्वारीची नोंद, बांधाचा तंटा आणि कुणाची तरी थकलेली बाकी. ती कुणाची होती तेही नीट वाचा, आणि त्या घरातलं आज कुणी गावात असेल तर त्यालाही नक्कल द्या.